चित्रपट, संगीत आणि खेळांवरचा गप्पांचा पॉडकास्ट: तयारीपासून प्रसारणापर्यंत

चित्रपट, अभिनय, संगीत आणि खेळ यांवरचे मराठी पॉडकास्ट मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एका प्रकारात दोन-तीन जाणकार एखादा चित्रपट, मैफल किंवा सामना घेऊन चर्चा करतात. दुसऱ्यात सूत्रसंचालक पाहुण्याला बोलते करतो. आकाशवाणीवरच्या मुलाखतींनी आणि १९७२ मध्ये सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनवरील ‘प्रतिभा आणि प्रतिमा’सारख्या कार्यक्रमांनी अशा संवादाची गोडी मराठी श्रोत्याला आधीच लावली होती. पॉडकास्टमुळे वेळेचे बंधन सैल झाले आणि कार्यक्रम घरबसल्या करता येऊ लागला. मात्र याच मोकळीकीमुळे गप्पा पसरट होतात. पहिली दहा मिनिटे प्रास्ताविकात जातात, पाहुणा सगळीकडे सांगून झालेले किस्से पुन्हा सांगतो आणि ज्या कामासाठी त्याला बोलावले, त्याविषयी श्रोत्याच्या हाती फारसे लागत नाही. यावर उपाय एकच आहे: संवाद पाहुण्याच्या प्रसिद्धीभोवती न फिरवता त्याच्या एखाद्या नेमक्या कामाशी बांधावा. विषयाच्या निवडीपासून संपादनापर्यंतची सगळी तयारी त्याच धोरणाने करावी.

विषयाची चौकट

एका भागाला एकच विषय असावा आणि तो प्रश्नाच्या रूपात एका वाक्यात मांडता यावा. ‘मराठी चित्रपटाची वाटचाल’ हा एका भागाचा विषय होऊ शकत नाही. त्यावर एखादी मालिका करावी लागेल. ‘चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये कॅमेरा बराच काळ एका जागी स्थिर का राहतो?’ हा मात्र एका भागात मावणारा विषय आहे. त्यातून दिग्दर्शन, छायाचित्रण, अभिनय आणि न्यायालयाचे वातावरण या साऱ्यांवर आपोआप बोलणे होते. खेळातही ‘कबड्डीचे भवितव्य’ यापेक्षा ‘चढाईला तीस सेकंदांची मर्यादा असताना चढाईपटू पहिल्या दहा सेकंदांत काय पाहतो?’ हा विषय अधिक फलदायी ठरतो.

भागाची लांबी विषयाच्या ऐवजावरून ठरवावी. दोघांच्या चर्चेला चाळीस मिनिटे पुष्कळ होतात. अनुभवी पाहुणा असेल तर तासभर बोलणे टिकते. पहिला भाग प्रसिद्ध करण्यापूर्वी किमान तीन भाग तयार असावेत. एखादा पाहुणा ऐनवेळी आला नाही किंवा ध्वनिमुद्रण बिघडले, तरी ठरलेला वार चुकत नाही.

पाहुण्याची निवड

नामवंत नट किंवा खेळाडू मिळाला की भाग गाजतो हे खरे. पण अशा व्यक्तींच्या मुलाखती भरपूर झालेल्या असतात. पडद्यामागच्या आणि मैदानाबाहेरच्या माणसांकडे अनेकदा अधिक ताजे सांगण्यासारखे असते. संकलक, ध्वनिआरेखक, रंगभूषाकार, ढोलकीवादक, तंबोरे बनवणारा कारागीर, तालमीतला वस्ताद, खेळपट्टी तयार करणारा माळी, गुणलेखक, पंच या साऱ्यांनी कला आणि खेळ अगदी जवळून पाहिलेले असतात. तंबोऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मिरजेतील एखाद्या कारागिराला जवारी कशी काढतात हे विचारले, तर सुरांविषयीचा एक अख्खा भाग उभा राहतो.

निमंत्रणातच विषय, अंदाजे वेळ, ध्वनिमुद्रणाबरोबर चित्रीकरणही होणार आहे का आणि भाग कुठे प्रसिद्ध होणार हे कळवावे. संपादन करण्याची आणि छोट्या चित्रफिती काढण्याची परवानगी लेखी घ्यावी. साधा ईमेलही त्यासाठी पुरतो. आधी फोनवर बोलताना पाहुण्याची सोय-गैरसोय आणि वर्ज्य विषय समजून घ्यावेत, पण मुख्य प्रश्नांची उत्तरे तिथेच काढून घेऊ नयेत. तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगताना तिच्यातला जीव कमी होतो.

संबोधनही आधी ठरवावे. ज्येष्ठ गायकाला ‘बुवा’ किंवा ‘पंडितजी’, गायिकेला ‘ताई’, कुस्तीतल्या गुरूला ‘वस्ताद’ म्हणण्याची रीत आहे, ती पाळावी. सूत्रसंचालक आणि पाहुणा जुने मित्र असतील, तर अरे-तुरेत बोलायला हरकत नाही. मात्र एकदा स्वीकारलेले संबोधन शेवटपर्यंत तेच ठेवावे. अर्ध्या वाटेवर ‘अहो’चे ‘अरे’ झाले की श्रोत्याला ते खटकते.

अभ्यास आणि तथ्यांची पडताळणी

चित्रपटावर बोलायचे असेल तर तो नव्याने पाहावा. जुनी आठवण पुरेशी धरू नये. पाहताना प्रसंगांच्या वेळा टिपून ठेवाव्यात, म्हणजे ‘तो शेवटचा सीन’ असे मोघम बोलावे लागत नाही. संगीतावरच्या भागासाठी ध्वनिमुद्रिका किमान दोनदा ऐकावी: एकदा सलग आणि एकदा थांबत थांबत. खेळासाठी धावफलक किंवा गुणतक्ता समोर ठेवावा.

कला आणि क्रीडा या क्षेत्रांत ‘पहिला’, ‘एकमेव’, ‘सर्वाधिक’ हे शब्द सैलपणे वापरले जातात. पडताळणीची खरी गरज तिथेच असते. खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवले. ते भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होते असे सर्रास बोलले जाते. पण १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नॉर्मन प्रिचर्ड यांनी मिळवलेली दोन रौप्यपदके भारताच्या नावावर नोंदलेली आहेत. म्हणून ‘स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक’ असे म्हणणे बिनचूक ठरते आणि त्याने खाशाबांच्या पराक्रमाला जराही उणेपणा येत नाही. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात प्रदर्शित झाला. त्याच्या वर्षभर आधी, मे १९१२ मध्ये, दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ त्याच ठिकाणी दाखवला गेला होता; ते रंगमंचावरील नाटकाचे चित्रीकरण होते. हा फरक सांगितला तर ‘पहिला भारतीय कथापट’ या वर्णनाचा अर्थ श्रोत्याला नीट कळतो.

श्रेय देतानाही काळजी हवी. गाणे ‘लताबाईंचे’ म्हणून ओळखले जाते, पण गीतकार आणि संगीतकार यांची नावे घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘आनंदघन’ या नावाने स्वतः लता मंगेशकर यांनी भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’ आणि ‘मोहित्यांची मंजुळा’ यांसारख्या चित्रपटांना संगीत दिले. श्रेयनामावली नीट तपासली तर संवादाचा असा एखादा नवा धागा त्यातूनच मिळतो.

प्रश्नांची रचना

तासाभराच्या भागाला दहा-बारा प्रश्न पुरतात. ते लिहून काढावेत, पण कागदावर फक्त मुद्दे ठेवावेत. वाचून विचारलेला प्रश्न लगेच ओळखू येतो. पहिल्या प्रश्नाने थेट विषयात शिरावे. ‘सुरुवात कशी झाली?’ या प्रश्नाला पाठ झालेलेच उत्तर मिळते. त्याऐवजी एखादा प्रसंग, एखादी सम, एखादा चेंडू समोर ठेवावा.

‘कोर्ट’चेच उदाहरण घेऊ. त्यात गीतांजली कुलकर्णी यांनी सरकारी वकिलाची भूमिका केली आहे. कोर्टात रुक्षपणे कलमे वाचणारी ही बाई संध्याकाळी लोकलने घरी जाते आणि स्वयंपाकाला लागते. या भूमिकेविषयी ‘अनुभव कसा होता?’ असे विचारले तर उत्तर ‘खूप छान’ असेच येणार. ‘कलमे वाचताना आवाजात भावना येऊ न देण्यासाठी काय करावे लागले? घरातल्या प्रसंगात चालण्या-बोलण्यात काय बदलले?’ असे विचारले, तर अभिनयातली कारागिरी उलगडू लागते. उत्तर आल्यावर घाईने पुढच्या प्रश्नाकडे वळू नये. दोन-तीन सेकंदांच्या शांततेनंतर पाहुणा बहुधा आणखी एक वाक्य बोलतो आणि अनेकदा तेच वाक्य महत्त्वाचे असते.

एका वेळी एकच प्रश्न विचारावा. प्रश्नातच उत्तर सुचवू नये. ‘हो’, ‘बरोबर’, ‘वा’ अशी दाद तोंडाने वारंवार दिली तर ध्वनिमुद्रणात ती बोचते. मान हलवूनही दाद पोचते.

विषयानुसार घ्यायची काळजी

चित्रपटावरच्या चर्चेत कथानक किती उघड करायचे हे आधी ठरवावे. नवा चित्रपट असेल तर पहिला भाग कथा न फोडता करावा आणि शेवटाविषयी बोलण्यापूर्वी स्पष्ट सूचना द्यावी. कथेचा सारांश दोन मिनिटांत संपवावा. श्रोत्यासमोर दृश्य नसते, म्हणून ते शब्दांतून उभे करावे: प्रकाश कुठून येतो, पात्रे कुठे उभी आहेत, पार्श्वभूमीला कोणता आवाज आहे.

अभिनयावर बोलताना तुलना उपयोगी पडते, पण ती समान प्रसंगांची असावी. ‘नटसम्राट’ नाटक १९७० मध्ये रंगभूमीवर आले तेव्हा डॉ. श्रीराम लागू यांनी अप्पासाहेब बेलवलकर उभे केले. २०१६ च्या चित्रपटात ती भूमिका नाना पाटेकर यांनी केली. दोघांत श्रेष्ठ कोण हा वाद निष्फळ आहे. नाट्यगृहातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा आवाज आणि चेहऱ्याजवळ आलेल्या कॅमेऱ्यासमोरचा आवाज यांत एकच भूमिका कशी बदलते, हे सोदाहरण सांगावे. नटाच्या खासगी आयुष्याविषयीच्या वदंता चर्चेत आणू नयेत. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे आणि ‘असे म्हणतात’ अशी पुस्ती जोडल्याने जबाबदारी टळत नाही.

संगीतावरच्या भागात शब्द लवकर अपुरे पडतात. गायक पाहुणा असेल तर तंबोरा किंवा त्याचे ॲप आणि हार्मोनियम हाताशी ठेवावी. एखाद्या जागेविषयी दहा मिनिटे बोलण्यापेक्षा ती दोनदा गाऊन दाखवली की श्रोत्याला फरक कळतो. ‘सम’, ‘मींड’, ‘खर्ज’ असे शब्द पहिल्यांदा आले की एका वाक्यात समजावून मग मोकळेपणाने वापरावेत. चित्रपट संगीतात ध्वनिमुद्रणाची प्रक्रियाही विचारावी. ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडमध्ये सिंफनी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण केले. त्यावर बोलताना ‘भव्य’ हे विशेषण पुरेसे नाही. कोणत्या ओळीखाली कोणती वाद्ये येतात आणि ती नसती तर काय गमावले असते, हे ऐकवता आले पाहिजे.

खेळावरच्या गप्पांत आकड्यांची गर्दी होते. नुसता आकडा कानावरून निघून जातो. त्यामागची परिस्थिती सांगितली की तो लक्षात राहतो. भाऊसाहेब निंबाळकर यांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात रणजी करंडकाच्या सामन्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. हा आकडा एकट्याने फारसे सांगत नाही. डॉन ब्रॅडमन यांचा नाबाद ४५२ धावांचा विक्रम तेव्हा प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये सर्वोच्च होता, निंबाळकरांना तो मोडायला अवघ्या दहा धावा हव्या होत्या आणि काठियावाडच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला, हे त्याच क्रमाने सांगितले की श्रोता जागचा हलत नाही. कुस्तीवर बोलताना ढाक, कलाजंग, मोळी असे डाव नावाने घेऊन हात कुठे पडतो, वजन कोणत्या पायावर जाते हे पैलवानाकडूनच वदवून घ्यावे. सामन्याचे भाकीत करायचे असेल तर ते मत म्हणूनच मांडावे. सट्ट्याला उत्तेजन देणारे बोलणे किंवा प्रायोजकत्व घेऊ नये. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातींना २०२५ च्या कायद्याने बंदी आहे.

ध्वनिमुद्रण

खोली निवडताना घुमणारा आवाज टाळावा. जाड पडदे, गादी, पुस्तकांचे कपाट किंवा कपड्यांनी भरलेले उघडे कपाट आवाज शोषून घेते; उघड्या फरशीच्या रिकाम्या खोलीत तो घुमतो. पंखा, एसी आणि जवळचा फ्रिज बंद ठेवावा. रहदारी, कुकरच्या शिट्ट्या आणि शाळा सुटण्याच्या वेळा पाहून दुपारची किंवा रात्रीची निवांत वेळ धरावी.

घरगुती खोलीत डायनॅमिक प्रकारचा माइक बरा. तो समोरचा आवाज घेतो आणि आजूबाजूचा गोंगाट कमी पकडतो. कंडेन्सर माइक अधिक बारकावे टिपतो, पण त्यासाठी खोली शांत हवी. प्रत्येकाला स्वतंत्र माइक द्यावा आणि प्रत्येकाचा आवाज स्वतंत्र ट्रॅकवर घ्यावा. माइक तोंडापासून साधारण वीतभर अंतरावर आणि किंचित तिरका ठेवला की ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारताना येणारा फुत्कार टळतो. गाण्याच्या वेळी अंतर थोडे वाढवावे, कारण तार सप्तकात आवाज एकदम मोठा होतो. ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह स्वरूपात करावे. एका मोनो ट्रॅकला तासाला सुमारे ५२० एमबी जागा लागते. आवाजाची कमाल पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे.

सुरू करण्यापूर्वी मिनिटभराची चाचणी घेऊन हेडफोनवर ऐकावी. सगळे गप्प बसलेले असताना खोलीचा तीस सेकंदांचा आवाज टिपून ठेवावा. संपादनात सांधे झाकायला आणि गोंगाट कमी करायला तो लागतो. पाहुणा पुण्यात आणि सूत्रसंचालक न्यू जर्सीत असेल, तर दोघांनी आपापल्या ठिकाणी ध्वनिमुद्रण करून फाइली नंतर जुळवाव्यात. सुरुवातीला दोघांनी मिळून एक टाळी वाजवली की जुळवणी सोपी होते.

संपादन

पहिल्या फेरीत आशय पाहावा: पुनरुक्ती, भरकटलेली वळणे आणि न तपासलेली विधाने काढावीत. दुसऱ्या फेरीत खोकला, खुर्चीचा आवाज आणि लांबलेले ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ कमी करावेत. सगळेच काढले तर बोलणे यांत्रिक वाटते. उत्तराचा अर्थ बदलेल अशी काटछाट कधीही करू नये. शेवटी एकूण पातळी उणे १६ एलयूएफएसच्या आसपास आणावी. ॲपल पॉडकास्ट्सची शिफारस तीच आहे. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही सगळी कामे होतात. अंतिम भाग मोबाइलच्या साध्या स्पीकरवर आणि रस्त्यावर चालताना इअरफोनवर ऐकून पाहावा, कारण बहुतेक श्रोते तसेच ऐकतात.

हक्क आणि परवानग्या

‘दहा सेकंदांपर्यंत गाणे चालते’ आणि ‘श्रेय दिले की पुरे’ हे दोन्ही समज चुकीचे आहेत. भारतीय स्वामित्व हक्क कायदा, १९५७ मध्ये सेकंदांची अशी कोणतीही सूट नाही. कलम ५२ समीक्षा, परीक्षण आणि चालू घडामोडींचे वार्तांकन यांसाठी उचित वापराला वाव देते. म्हणजे ज्या ओळीवर किंवा प्रसंगावर भाष्य चालू आहे तेवढाच तुकडा, भाष्यासोबत आणि श्रेयासह वापरणे समर्थनीय ठरू शकते. शीर्षकसंगीत म्हणून किंवा सजावटीसाठी तेच गाणे लावणे त्यात बसत नाही. शिवाय प्रसारण मंचांची स्वयंचलित यंत्रणा उचित वापरही अडवू शकते, हे धरून चालावे.

गाण्यात तीन वेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रिकेचा. शब्द आणि चाल यांचा हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रिकेचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे. ही मुदत पुढच्या वर्षाच्या आरंभापासून मोजली जाते. ‘संगीत मानापमान’ (१९११) पाहा. नाटककार कृ. प्र. खाडिलकर १९४८ मध्ये आणि चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये निवर्तले. म्हणून दोघांच्याही कामाचा हक्क संपला असून २०१६ पासून ती पदे त्याच चालींत कोणीही गाऊ शकतो. पण १९७० मध्ये प्रसिद्ध झालेली त्यातल्या पदाची ध्वनिमुद्रिका २०३० अखेरपर्यंत संरक्षित आहे. यावरून व्यवहारातला मार्ग निघतो: जुने पद पाहुण्याकडूनच गाऊन घ्यावे. सामन्याचे धावफलक ही तथ्ये असल्याने मोकळेपणाने सांगता येतात. प्रक्षेपणाची दृश्ये आणि समालोचन मात्र प्रक्षेपकाच्या हक्कात येते. शीर्षकसंगीत ओळखीच्या वादकाकडून नवे करून घ्यावे आणि वापराचा करार लेखी ठेवावा.

प्रायोजक असेल तर ते भागात आणि वर्णनात स्पष्ट सांगावे. जाहिरात मानक परिषदेची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वे तेच सांगतात. चित्रपटाच्या निर्मात्याने खर्च केला असेल तर त्या भागाला परीक्षण म्हणू नये.

प्रसारण आणि जतन

भाग एका होस्टिंग सेवेवर चढवला की तिच्या आरएसएस फीडमधून तो ॲपल पॉडकास्ट्स, स्पॉटिफाय अशा मंचांवर पोचतो. यूट्यूबसाठी दृश्य आवृत्ती वेगळी करता येते. मुखचित्र ३००० बाय ३००० पिक्सेलचे चौरस असावे आणि त्यावरची अक्षरे मोबाइलवरही वाचता यावीत. १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये तासाभराचा भाग सुमारे ५८ एमबी होतो. शीर्षकात पाहुण्याचे नाव आणि विषय दोन्ही असावेत. वर्णनात चर्चेत आलेल्या चित्रपटांची, गाण्यांची आणि सामन्यांची यादी वेळेच्या खुणांसह द्यावी. ज्याला फक्त एकाच रागाविषयीचा भाग ऐकायचा आहे त्याला तो सापडतो. पाहुण्याचे नाव रोमन लिपीतही द्यावे, कारण अनेक जण त्या लिपीत शोध घेतात.

प्रसिद्धीनंतर चूक लक्षात आली तर वर्णनात दुरुस्ती नोंदवावी आणि पुढच्या भागाच्या आरंभी ती सांगावी. मूळ वेव्ह फाइली दोन वेगळ्या ठिकाणी जपाव्यात. त्यांच्या नावात तारीख, पाहुणा आणि विषय असावा, सोबत परवानगीचा ईमेल आणि संवादाचा लिखित मजकूर ठेवावा. अशा नोंदी मराठी चित्रपट, संगीत आणि क्रीडा यांच्या इतिहासाचे मोलाचे साधन ठरू शकतात, म्हणून पाहुण्याची संमती घेऊन त्यांची प्रत एखाद्या ग्रंथालयाला किंवा संबंधित संस्थेला द्यावी.